उघड्यावरच्या मुक्कामाचा ठराव

बालाघाटाच्या डोंगरात उघड्यावर रात्र काढायची तर तंबू कसा ठोकावा, पाणी किती न्यावं, विंचू चावला तर काय करावं, हे सगळं पुस्तकात दिलेलं आहे. गावकऱ्यांचं काय करावं हे मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. मी तीन दिवस जाऊन आलो आणि मला जे कळलं ते इथे लिहितो. कुणी जाणार असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी दिंद्रुडचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. शाळेतल्या मास्तरांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि फी वेळेवर न मागणाऱ्या एका क्लार्कने मला इथवर आणलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. तालुक्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर खेळ शिकवतो. म्हणजे तास झाला तर मी शिक्षक, नाही झाला तर पाहुणा. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी ‘साहस शिक्षण’ नावाचा नवा विषय आणला आणि मला बोलावून सांगितलं, की ज्याच्याकडे गिर्यारोहणाचं प्रमाणपत्र असेल त्याला या विषयावर कायम करायचं ठरलं आहे. मी त्याच आठवड्यात सह्याद्रीतल्या एका संस्थेत दहा दिवसांच्या शिबिराला गेलो.

तिथे मी गाठी मारायला शिकलो, नकाशा वाचायला शिकलो, पावसात चूल कशी पेटवायची हेही शिकलो. बीड जिल्ह्याच्या माणसाला या शेवटच्या विद्येचा उपयोग किती, हे मी विचारलं नाही. शेवटची परीक्षा आपापल्या जिल्ह्यात द्यायची होती. डोंगरात किमान एक रात्र स्वतःच्या बळावर काढायची आणि जवळच्या गावातल्या जबाबदार व्यक्तीकडून सही-शिक्क्यानिशी एक कागद आणायचा. कागदावर छापलेलं होतं : ‘सदर प्रशिक्षणार्थीने आमच्या हद्दीत उघड्यावर मुक्काम केला असून, स्थानिकांकडून अन्न, पाणी अथवा निवारा घेतलेला नाही.’

ही ओळ मला परीक्षेतली सर्वांत सोपी वाटली. गावोगाव विहिरींचे तळ दिसत होते, गुरं चारा छावणीत गेली होती. अशा दिवसांत आपल्याला कोण काय देणार?

नेकनूर ते बोरटेक

मला तीन दिवसांची रजा मिळाली. सोबतीला रफीकभाई आले. बीडला त्यांचं जीपच्या सीटा आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे. शिबिरातला नायलॉनचा तंबू मी त्यांना कागदावर काढून दाखवला, तेव्हा ते म्हणाले की असं नाजूक काम टिकत नाही, आणि ट्रकच्या ताडपत्रीचा तंबू त्यांनी चार दिवसांत शिवून दिला. त्याला लाल रेक्झिनची पायपिंग होती, आत चष्मा ठेवायला कप्पा होता आणि वजन एका वासराएवढं होतं. तंबू डोंगरावर कसा वागतो हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं, म्हणून ते स्वतः निघाले. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण मला ‘सर’ म्हणायचे.

नेकनूरला एस.टी.तून उतरलो. हॉटेलात पाण्याचे दोन डबे भरून घेतले आणि चढायला लागलो. बालाघाट खालून बघितला तर कुणीतरी लांबच लांब बाक मांडल्यासारखा दिसतो. सह्याद्रीसारखे सुळके, कडे काही नाहीत. तासाभरात माथ्यावर पोचलो की पुन्हा सपाट माळ. काळा खडक, तरवडाची झुडपं, आणि पान नसलेली सीताफळं. सीताफळाचं झाड पानांशिवाय इतकं केविलवाणं दिसतं की ते सीताफळाचं आहे हे आम्हाला एका शेळ्यांवाल्याने सांगावं लागलं.

त्याच शेळ्यांवाल्याने विचारलं, “कोणाकडं चाललाव?”

मी म्हणालो, कोणाकडंच नाही. त्याला ते पटलं नाही. आमच्या भागात माणूस रस्त्याला लागला म्हणजे कुणाकडे तरी चाललेला असतो. कोणाकडेच न जाणारा माणूस एक तर वसुलीचा असतो किंवा घरातून भांडून निघालेला. रफीकभाईंनी समजावलं, की सर डोंगर बघायला आलेत. तेव्हा त्यानेही मागे वळून डोंगराकडे बराच वेळ बघितलं. काल होता त्यात काही बदल झालाय का, हे तो पाहत असावा.

संध्याकाळी बोरटेक गावाच्या वर, हाकेच्या अंतरावर आम्ही तंबू ठोकला. वारा चांगला होता, तंबू तसूभर हलला नाही. रफीकभाई त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि शिवण चाचपून समाधानाने बसले. आईने बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या. दशमी खरं तर दुधात भिजवतात. त्या वर्षी आईने ती पाण्यात भिजवली होती आणि वर ‘दशमीच समज’ असं सांगितलं होतं. रात्र शांत गेली. आम्ही कुणाला दिसलो नाही, कुणी आम्हाला काही दिलं नाही. परीक्षा झाली असं समजून मी गाढ झोपलो.

सकाळी सहीसाठी पोलीस पाटलांच्या घरी गेलो. पांढरं धोतर, चष्म्याला दोरी, बोलणं हळू. त्यांनी आम्हाला बसवलं, आत भाकरी टाकायला सांगितलं आणि कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुमी राती माझ्या गावाच्या डोक्यावर झोपला. गावानं तुमाला पाणी इचारलं न्हाई, जेवाय बोलावलं न्हाई, वसरीवर जागा दिली न्हाई. आन् हे मी सही-शिक्क्यानं लिहून देऊ?”

मी सांगितलं, की गावाला माहीतच नव्हतं.

“ते कागदावर कुटं हाय?”

कागदावर ते खरंच नव्हतं. एवढ्यात आतून पिठलं-भाकरी आली. मुक्कामाची रात्र संपली होती आणि नियमात न्याहारीचा उल्लेख नव्हता, म्हणून मी खाल्लं. रफीकभाईंनी तर नियम वाचलेलाच नव्हता. आमची ताटं रिकामी झाल्यावर पाटलांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला.

“आता तर सही व्हायचीच न्हाई,” ते म्हणाले. “खाल्लं की तुमी.”

कपिलधारवरून खडकमाळ

त्याच दिवशी कपिलधारला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धबधब्याच्या जागी खडकावर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा होता. माकडं कुंडाच्या काठावर बसून त्या पट्ट्याकडे पाहत होती. दर्शनाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने देवळात नमस्कार केला आणि बाहेर येऊन त्या कोरड्या पट्ट्यालाही केला. तिच्या सुनेने विचारलं, तिथे काय आहे? बाई म्हणाली, रस्ता तर पाण्याचाच आहे.

शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, की ओढ्याच्या पात्रात चालू नये, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. आम्ही पुढचे दोन तास ओढ्याच्या पात्रातूनच चाललो, कारण सावली तेवढ्यातच होती. मोर ओरडत होते, पण एकही दिसला नाही. रफीकभाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दाभण काढून उभ्या उभ्या शिवला आणि म्हणाले की सह्याद्रीतल्या संस्थेने गाठी शिकवल्या तशी शिवण पण शिकवायला पाहिजे होती. मला ते पटलं.

खडकमाळ दिसायला लागलं तेव्हा वेशीवर आठ-दहा माणसं उभी होती. मधोमध आबा चेअरमन. बोरटेकच्या पाटलांचे ते व्याही. पाटलांनी सकाळच्या गाडीने निरोप पाठवला होता : दोन पावणे येतायत, एक मास्तर आन् एक ताडपत्रीवाला, उगड्यावर झोपायचा नाद हाय, सांभाळा.

आबा गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेला त्या वर्षी दूध नव्हतं. गुरं छावणीत होती, कॅन पालथे घातले होते आणि फॅट तपासायच्या यंत्रावर धुतलेलं फडकं टाकलेलं होतं. पण संस्था बंद नव्हती. सेक्रेटरी रोज सकाळी येऊन वहीत ‘निरंक’ लिहायचे आणि खाली सही करायचे. संध्याकाळी पुन्हा यायचे, कारण दूध दोन वेळचं असतं. वहीची पानंच्या पानं मी पाहिली. कुठे खाडाखोड नव्हती.

मी चेअरमनना सांगितलं, की मला गावाबाहेर तंबूत झोपायचं आहे आणि कुणी काही द्यायचं नाही. ते म्हणाले, हे एकट्याने ठरवायचं काम नाही, सभा घ्यावी लागेल. सभा बोलावली. गणपूर्तीला पंधरा सभासद लागत होते, हजर होते अकरा. सभा तहकूब झाली. सगळे बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले, तंबाखू मळला, अर्ध्या तासाने तेच अकरा पुन्हा आत आले, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मला शहरातल्या कॉलेजातसुद्धा इतकी शिस्त पाहायला मिळालेली नाही.

चर्चा तासभर चालली. एकाने सुचवलं, पाहुण्यांना घरात झोपवावं आणि घराचा दरवाजा उघडा ठेवावा, म्हणजे उघड्यावर झाल्यासारखंच. दुसऱ्याने विचारलं की कावून झोपायचं उघड्यावर, घरी काय भांडण हाय का? शेवटी ठराव झाला : पाहुण्यांना माळावर झोपण्यास संस्थेची हरकत नाही, मात्र गावाची अब्रू राहावी म्हणून संस्थेचे सभासद सोबतीला राहतील.

त्यामुळे त्या रात्री माझ्या एकट्याच्या मुक्कामाला एकूण तेरा माणसं होती. तंबूत आम्ही दोघे, बाहेर अकरा बाजा. जेवण मात्र मी घेतलं नाही. उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तंबूत तोंड लपवून खाल्ली, आणि बाहेर अकरा जण आम्ही उपाशी असल्याच्या दुःखात कुशी बदलत राहिले. ताडपत्रीतून मला त्यांचे सुस्कारे ऐकू येत होते.

खडकमाळ, सकाळ

सकाळी उठलो तर पाण्याचा डबा भरलेला. झोपताना त्यात चार बोटं पाणी होतं, दुसरा डबा आदल्या दिवशीच संपला होता. हा आता तोंडापर्यंत भरलेला होता आणि खाली माती ओली होती.

खडकमाळला टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. तो त्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी यायचा होता. माळाच्या कडेला एक घर होतं, दारात हंड्यांची उतरंड होती आणि एक हंडा पालथा घातलेला होता. घर गयाबाईंचं. एकट्या राहतात, त्यांच्या दोन म्हशी छावणीत आणि दूध संस्थेतलं सभासदत्व नवऱ्यामागे त्यांच्या नावावर. त्या माळावर आल्या, डब्याशेजारी राहिलेलं स्वतःचं नरसाळं उचललं आणि निघाल्या.

मी विचारलं, “मावशी, पाणी तुम्ही ओतलं?”

“मीच वतलं. सरपणाला आलते पहाटं, तर डबा हलका लागला.”

“मला घ्यायचं नव्हतं.”

“तुमी कुटं घेतलं? तुमी तर घोरत व्हता.”

मी डब्यापाशी बसलो. रजा त्या दिवशी संपत होती. दुसरी रात्र नव्हती, दुसरं गाव नव्हतं. चेअरमननी काय झालं ते विचारलं आणि मी पहिल्यांदाच सगळं नीट सांगितलं : तासिका, प्राचार्य, प्रमाणपत्र, कायम होणं. मग तो कागद दाखवला.

आबा माझ्यावर चिडले. “आरं मास्तर, हे काल न्हाई का सांगायचं? आमी समजलो नाद हाय.” त्यांनी लगेच सभा बोलावली. अकरा सभासद माळावरच होते. गयाबाई बाराव्या. पुन्हा गणपूर्ती नाही, पुन्हा अर्धा तास. या वेळी कट्टा नव्हता म्हणून सगळे तंबूभोवती उकिडवे बसून राहिले. रफीकभाई एकेकाला ताडपत्रीची शिवण दाखवत होते.

सभा सुरू झाल्यावर आबांनी कागद मोठ्याने वाचला. अन्न, पाणी अथवा निवारा घेतलेला नाही. बोरटेकच्या पाटलांना जे लागलं होतं तेच इथे लागलेलं दिसत होतं. एक सभासद जमिनीकडे पाहत म्हणाला, की हा कागद शहरात जाणार, चार शिकलेली माणसं वाचणार, की खडकमाळने पाहुण्याला घोटभर पाणी दिलं नाही.

“वाचू दे,” आबा म्हणाले. “पोराचं कायम व्हायचंय. गावाचं काय, गाव हितंच हाय.”

ठराव मांडला गेला, की संस्थेने पाहुण्यांना काहीही दिलेलं नाही. हात वर झाले. एक, दोन करत सेक्रेटरींनी अकरा मोजले. स्वतःच्या गावाला कंजूष ठरवण्यासाठी इतक्या भरभर वर गेलेले हात मी पाहिले नव्हते, आणि ते कुणासाठी वर गेले होते हेही मला कळत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

गयाबाईंनी हात वर केला नाही.

“मी दिलंय पाणी,” त्या म्हणाल्या. “तुमी न्हाई दिलं तर तुमचं लिवा. माझं कावून खोटं लिवता?”

आबांनी समजावलं, की पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, पोराला नोकरी लागू दे, माझं काही म्हणणं नाही. पण हंडाभर पाणी मी माझ्या वाटणीतलं काढलं, उद्या टँकर येईपर्यंत मला पुरवून वापरायचंय, आणि वर ते दिलंच नाही असं माझ्या संस्थेच्या कागदावर? तसं चालणार नाही. आवाज चढवून त्या बोलल्या नाहीत. भाजी महाग आहे असं सांगावं तितक्या साधेपणाने बोलल्या.

आबा सेक्रेटरींना म्हणाले, “बहुमतानं मंजूर. गयाबाईचा विरोध हाय, तो नोंदवा.”

सेक्रेटरींनी कागदावर ठरावाखाली लिहिलं : ‘सभासद गयाबाई यांचा विरोध. त्यांनी पाणी दिलेले आहे.’

मी आबांना बाजूला घेऊन विचारलं, की हे कागदावर राहिलं तर वरच्या ओळीचा काय उपयोग? त्यांनाही ते दिसत होतं. पण ते म्हणाले, “मास्तर, खोटं लिहायला आमी तयार हाव. पण लिहू ते नेमानं लिहू. सभासदाचा विरोध गाळता येत न्हाई.” आणि त्यांनी शिक्का मारला. शिक्का इतका स्वच्छ उठला, की संस्थेचा नोंदणी क्रमांक लांबून वाचता आला असता.

कागद माझ्या हातात आला. वर छापलेली ओळ, मध्ये ठराव, सही, शिक्का, आणि सगळ्यात खाली, पार कडेला, गयाबाईंचा विरोध. रफीकभाईंनी तो माझ्या खांद्यावरून वाचला. त्यांनी पिशवीतून रेक्झिन कापायची कात्री काढली आणि तंबूच्या घडीवर माझ्यासमोर ठेवली. मग स्वतः खुंट्या उपटायला गेले. बाकीचेही कुणी बाजा उचलायला, कुणी गोधड्या झटकायला लागले. सगळे मिळून मला एकटं सोडत होते.

विरोधाची ती पट्टी दोन बोटं रुंदीची होती. कापली असती तर कुणाला कळलं नसतं. मी कात्री उचललीही. तिचं एक पातं कागदाखाली गेलं होतं. समोर गयाबाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पाहत होत्या. पाणी सांडू नये म्हणून.

मी कात्री ठेवली, पेन काढलं आणि छापलेल्या ओळीतला ‘पाणी’ हा शब्द खोडून शेजारी लिहिलं : ‘पाणी घेतले. एक डबा.’ खाली सही केली.

पुढचं इथेच सांगून टाकतो. मला प्रमाणपत्र मिळालं नाही. सह्याद्रीतल्या संस्थेने दोन ओळींचं पत्र पाठवलं, की स्वावलंबनाची अट पूर्ण झालेली नाही. ‘साहस शिक्षण’ विषय आमच्या एका सहकाऱ्याकडे गेला. त्यांनी त्यांच्या जिल्ह्यातल्या एका थंड हवेच्या ठिकाणी, जिथे जवळपास गावच नव्हतं, तिथे रात्र काढली होती आणि त्यांच्या कागदावर तिथल्या विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाची सही होती. विश्रामगृहाला निवारा म्हणतात की नाही, यावर प्राचार्यांनी चर्चा होऊ दिली नाही. मी अजून तासिका तत्त्वावर आहे. गाठी शिकवायच्या असल्या की ते सहकारी मला बोलावतात आणि मी जातो.

पण त्या सकाळी हे काहीच झालेलं नव्हतं. आबांनी कागदावरची माझी खाडाखोड पाहिली, खाडाखोडीवर शिक्का लागतो म्हणून तिच्यावर आणखी एक शिक्का मारला. गयाबाईंनी विचारलं, मास्तरांनी काय लिवलं? सेक्रेटरींनी वाचून दाखवलं.

“म्हंजे तुमचा नेम मोडला?” त्यांनी मला विचारलं.

“मोडला.”

“समदा?”

“एक मोडला म्हणजे सगळा मोडला, मावशी.”

“मंग आता जेवाय काय अडचण हाय?”

मला एकही अडचण सुचली नाही. आबा हसायला लागले, आणि मग रफीकभाई, आणि मग रात्रभर सुस्कारे टाकणारे ते अकराच्या अकरा जण. कुणाच्या घरून भाकरी आल्या, कुणाकडून कांदा, कुणाकडून शेंगांचा कूट. गयाबाईंनी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी केली. आम्ही त्यांच्या वसरीवर, सावलीत, छपराखाली बसलो. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडत होती. आमटी इतकी तिखट होती, की मला दोनदा पाणी मागावं लागलं. गयाबाईंनी दोन्ही वेळा तांब्या काठोकाठ भरून दिला आणि मी दोन्ही वेळा पूर्ण प्यालो.